डंकीच्या केसमध्ये नेमकं कोण अडकतं?

डंकी म्हणजे एजंटला पैसे देऊन चोरवाटेने परदेशात घुसणं. त्यातल्या डिंगुचा केसच्या शिक्षा मे 2025 मध्ये लागल्या, फ्लोरिडात बसून सगळं जुळवणाऱ्याला 10 वर्षं 1 महिना आणि अमेरिकेच्या बाजूने लोकांना न्यायला आलेल्या व्हॅनवाल्याला साडेसहा वर्षं. आठवत नसेल तर सांगते, गांधीनगर जिल्ह्यातल्या डिंगुचाचे आईबाप, 11 वर्षांची मुलगी आणि 3 वर्षांचा मुलगा, चौघं 19 जानेवारी 2022 ला कॅनडात इमर्सनजवळ बर्फात गोठलेले सापडले. अमेरिकेची बॉर्डर तिथून जेमतेम 12 मीटर. वाऱ्यासकट थंडी उणे 38 आणि हे लोक रात्री पायी निघालेले!

अमेरिकेत मिनेसोटातला खटला मी बातम्यांमधून फॉलो करत होते. व्हॅनवाल्याचा बचाव काय, तर मी साधा टॅक्सीवाला, मला काय माहीत. पण सगळ्यांना बर्फाच्या वादळाचे कपडे घालून पाठव असा मेसेज त्याच्याच फोनवरून गेलेला, म्हणजे काय चाललंय ते कळत होतंच की. नोव्हेंबर 2024 मध्ये ज्युरीने दोघांनाही चारही आरोपांत दोषी धरलं. बरोबरच झालं.

पण हे झाले तिकडचे. इकडे गावात पैसे घेणाऱ्या एजंटचं काय? गुजरात पोलिसांनी काही एजंट पकडले, नाही असं नाही, पण सदोष मनुष्यवध आणि मानवी तस्करीची कलमं लावावी लागली. आता तस्करीच्या कलमात फसवून, शोषणासाठी नेलं हे दाखवावं लागतं, आणि इथे तर माणूस स्वतःच जमीन विकून, व्याजाने पैसे काढून एजंटच्या दारात जातो! पैसे घेऊन चोरून बॉर्डर पार करवणं हाच गुन्हा म्हणणारा देशभरासाठीचा वेगळा कायदा आपल्याकडे तेव्हा नव्हताच. माणसांना चोरून बॉर्डर पार करवण्याविरुद्धच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारावर, म्हणजे पालेर्मोच्या प्रोटोकॉलवर भारताने 2011 मध्ये शिक्कामोर्तब केलं, त्यात हा गुन्हा धरा असं स्पष्ट लिहिलंय, आणि नेलेल्या माणसावर फक्त त्यासाठी खटला नको असंही. आपला 1983 चा एमिग्रेशन (देशाबाहेर जाण्याचा) कायदा मुळात आखातात कामाला जाणाऱ्यांच्या भरतीसाठी, परवाना नसलेल्या एजंटला त्यात जास्तीत जास्त 2 वर्षं. एवढ्याने कोण घाबरतंय? लाखोंचा धंदा आहे राव.

आणि तक्रार करणार कोण? पोरगा पोचला तर प्रश्नच नाही, नाही पोचला तर एजंट थोडे पैसे परत देऊन मिटवतो. डिसेंबर 2023 मध्ये मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वाला, जिथून पुढे चोरवाटेने अमेरिका गाठतात, निघालेलं विमान फ्रान्सने वात्री विमानतळावर अडवलं, त्यातले 276 जण मुंबईत उतरले. चौकशीत बऱ्याच जणांचं एकच उत्तर, आम्ही फिरायला चाललो होतो. निकाराग्वाला, फिरायला! पोलिसांना कळत होतं, पण ज्याचे पैसे गेले तोच साक्ष द्यायला तयार नाही म्हटल्यावर कोर्टात काय उभं करणार. फेब्रुवारी 2025 मध्ये अमेरिकेने 104 जणांना बेड्या घालून लष्करी विमानाने अमृतसरला आणून सोडलं, तेव्हा संसदेत गोंधळ झाला तो बेड्यांवरून, एजंटांवरून नाही.