डिझेल हीटर घेऊन हिवाळ्यात स्पिती : नाकोला काय झालं ते

आधीच सांगतो, हे हिमाचलमधल्या स्पितीचं वर्णन नाहीये. बर्फ, डोंगर, गोठलेली नदी सगळं आहे तिथे आणि फोटो हजार जणांनी टाकलेत. मी लिहितोय ते तंबू गरम करायच्या त्या हीटरच्या पेटीबद्दल, जी मी दोन महिने खपून बनवली आणि जिने वाटेवरच्या नाको गावात रात्री पावणेतीनला दगा दिला. त्यातला अर्धा दोष माझा, अर्धा विकणाऱ्याचा. कोणी हेच करायच्या विचारात असेल तर पूर्ण वाचा, नुसते फोटो बघून हीटर मागवू नका.

हीटर म्हणजे ट्रकच्या केबिनसाठी असतो ना तो चायनीज डिझेल हीटर. आतल्या चेंबरमध्ये डिझेल जळतं, त्याचा धूर वेगळ्या पाइपने बाहेर जातो, आणि चेंबरच्या बाहेरून पंखा हवा फिरवतो ती गरम होऊन तंबूत येते. म्हणजे धूर आणि आपली हवा एकमेकांना भेटतच नाहीत. म्हणूनच हा घेतला. गॅसचा हीटर किंवा शेगडी बंद जागेत लावून झोपणं म्हणजे काय ते माहीत नसेल तर २०२० च्या जानेवारीत नेपाळमध्ये दामनला काय झालं ते आठवा, हॉटेलच्या खोलीत गॅस हीटर लावून झोपलेले केरळचे आठ पर्यटक गेले, त्यात लहान मुलं पण होती. तंबूत शेगडी नाही म्हणजे नाही.

तर ऑनलाइन घेतला, साडेचौदा हजार, डब्यावर लिहिलेलं ८ किलोवॅट. हे धादांत खोटं आहे आणि ते घरबसल्या तपासता येतं. हीटरला डिझेल पुरवणाऱ्या छोट्या पंपावर २२ मिली असं छापलेलं असतं, म्हणजे हजार टिकटिकीला २२ मिली डिझेल. माझा पंप जास्तीत जास्त सेकंदाला ५ वेळा टिकटिकतो. गुणाकार करा, तासाला ३९६ मिली. एक लिटर डिझेलमध्ये साधारण १० किलोवॅट-तास उष्णता असते, म्हणजे सगळंच्या सगळं जळलं तरी चारच्या वर जाणार नाही आणि त्यातलं काही धुराबरोबर बाहेर जातं. धरून चाला तीन, सव्वातीन. मी विकणाऱ्याला हा हिशोब पाठवला तर उत्तर आलं ‘सर प्रॉडक्ट बेस्ट आहे’. बरं. तीन किलोवॅट तिघांच्या तंबूला भरपूर होतात, प्रश्न तो नाही. प्रश्न हा की त्याच पानावर ‘५००० मीटरपर्यंत चालतो’ असंही लिहिलेलं होतं आणि त्यावर मी विश्वास ठेवला.

पेटी बनवायला बोहरी आळीतून पत्र्याची ट्रंक आणली. प्लास्टिकच्या टूलबॉक्समध्ये बसवलेले व्हिडिओ खूप आहेत, करू नका, एक्झॉस्टचा, म्हणजे धुराचा, पाइप एवढा तापतो की प्लास्टिक वितळायला वेळ लागत नाही. ट्रंकच्या तळाला भोक पाडून एक्झॉस्ट खालून बाहेर काढला, त्यावर ग्लास वूलची पट्टी गुंडाळली. सोबत येणारा सायलेन्सर शिवणीतून गळतो, सगळ्यांचाच गळतो, म्हणून तो पेटीच्या बाहेर आणि तंबूपासून लांब. एक्झॉस्टचं तोंड वारा वाहत जातो त्या दिशेला आणि ज्योतीसाठी हवा ओढायचा पाइप त्याच्या विरुद्ध बाजूला, नाहीतर स्वतःचाच धूर ओढत बसतो. डिझेलची हिरवी मऊ नळी येते ती फेकून द्या, कडक नायलॉनची बारीक नळी लावा, मऊ नळीत बुडबुडे होतात आणि ज्योत फडफडते. पंप तिरका बसवायचा, बाहेर जायचं तोंड वर. आडवा बसवला तर बुडबुडे पुढे सरकतच नाहीत.

वायरबद्दल एक गोष्ट, कारण माझे दोन रविवार यात गेले. सुरू होताना ग्लो प्लग, म्हणजे तापून डिझेल पेटवणारा प्लग, दोन-तीन मिनिटं ८ ते १० अँपियर ओढतो. मी घरात पडलेली १ स्क्वेअरची (चौरस मिमी) वायर लावली होती, तीन मीटर जायला तीन मीटर यायला, तेवढ्यात एक व्होल्टहून जास्त पडतो आणि हीटर म्हणतो बॅटरी डाउन. ४ स्क्वेअरची लावली, गप्प झाला. बॅटरी १२ व्होल्ट ५० अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट, टपकीर गल्लीतून. एकदा पेटला की दीड-दोन अँपियरवर चालतो त्यामुळे रात्र आरामात निघते. पण ही बॅटरी शून्याच्या खाली चार्ज करायची नाही, कायमची खराब होते. रात्री तंबूत पायाशी, दिवसा गाडीच्या आत चार्जिंग. गाडीच्या मुख्य बॅटरीवर हीटर अजिबात लावू नका, सकाळी उणे अठरात बोलेरो सुरू झाली नाही तर हीटर घेऊन काय करणार.

गच्चीवर टेस्ट केली, मस्त चालला. सोसायटीच्या सेक्रेटरींना वाटलं गच्चीवर काहीतरी पेटलंय, ते वेगळं. गच्चीवर चालला म्हणजे झालं असं मी समजलो.

जानेवारीच्या शेवटी निघालो, मी, सुहास आणि माझा मेहुणा अभ्या. पुणे ते चंदीगड तीन दिवस, लिहिण्यासारखं काही नाही. शिमला, नारकंडा, रामपूर, कल्पा, सगळं छान झालं, कल्प्याला हीटर लावला, २९०० मीटरच्या आसपास, थोडा धूर मारला पण चालला. तिथेच शहाणा झालो असतो तर बरं झालं असतं.

रेकाँग पिओच्या पुढे खाब, तिथून ‘का’ गावची वळणं चढून नाको. साधारण ३६६० मीटर. होमस्टेच्या शेजारी शेताच्या तुकड्यावर तंबू लावला. मालकीणबाई दोनदा सांगून गेल्या, ‘अंदर तंदूर है, अंदर सो जाओ.’ तंदूर म्हणजे तिकडची धुराडं असलेली लाकडाची शेगडी. आम्ही हसलो. आमच्याकडे ८ किलोवॅट.

सात वाजता पेटवला, अर्ध्या तासात आत १३ डिग्री, बाहेर उणे ११. अभ्या बनियनवर बसला होता. साडेदहाला झोपताना मी डिझेल वाचवायला हीटर सगळ्यात कमीवर टाकला. ही पहिली चूक, आणि सगळ्यात मोठी.

पावणेतीनला जाग आली ती शांततेने. पंपाची टिकटिक बंद, स्क्रीनवर ई-०८, म्हणजे ज्योत विझली. परत सुरू केला, पांढऱ्या धुराचा लोट, मग ई-१०, पेटलाच नाही. परत. परत. प्रत्येक वेळी ग्लो प्लग बॅटरी पितोय, आणि तंबूचं कापड म्हणजे काय भिंत नव्हे, अर्ध्या तासात आतला काटा उणे ९ वर. सुहास हेडटॉर्च लावून डिझेलच्या कॅनमध्ये बघतोय आणि म्हणतो, अरे हे तुपासारखं झालंय. खरंच, थिजलेलं तूप. फिल्टरमध्ये पांढरा लगदा. पाचव्या प्रयत्नानंतर बोटं चालेनाशी झाली तेव्हा गुपचूप पिशव्या उचलून आत तंदूरपाशी जाऊन पडलो. बाईंनी काहीही न बोलता पांघरुणं दिली. पहाटे चहा देताना मात्र हसल्या.

आता कारणं, कारण हे मला आधी कोणीच सांगितलं नव्हतं.

एक, डिझेल. कॅन मी चंदीगडच्या अलीकडे मैदानी भागात भरला होता. आपल्याकडच्या डिझेलच्या मानकात, आयएस १४६० मध्ये, हिवाळ्याच्या डिझेलचा पोर पॉइंट (ज्याच्या खाली ते वाहायचं थांबतं ते तापमान) ३ डिग्रीपर्यंत चालतो, उणे नाही, अधिक ३. म्हणजे उणे १८ ला त्याने वाहत राहावं ही अपेक्षाच चूक. लडाखसाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ पर्यंत न थिजणारं वेगळं डिझेल काढलं ते उगाच नाही. उपाय ट्रकवाल्यांचाच, रॉकेल मिसळा. आम्ही सात लिटर डिझेलला तीन लिटर रॉकेल असं केलं, रॉकेल एका दुकानदाराने लिटरला अडीचशेने दिलं, लूट आहे पण त्या दिवशी पाचशे म्हणाला असता तरी दिले असते. तुम्ही खालूनच घेऊन जा. पेट्रोल मात्र चुकूनही मिसळू नका.

दोन, काजळी. नाकोला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशापेक्षाही थोडा कमी. हीटरला ते कळत नाही, तो तेवढंच डिझेल ओततो, प्राणवायू मात्र कमी, मग अर्धवट जळतं आणि काजळी धरते. त्यात कमीवर चालवला की चेंबर नीट तापत नाही, काजळी अजून जास्त. सकाळी उन्हात उघडला तर ग्लो प्लगची जाळी तव्याच्या बुडासारखी काळी, आरपार काही दिसेना. उघडताना गॅस्केट, म्हणजे जोडातून गळू नये म्हणून लावलेली चकती, फाटलं. जादा गॅस्केट आणि जादा ग्लो प्लग जाळीसकट, हे दोन न घेता जाऊ नका, शंभर-दोनशे रुपयांच्या गोष्टी आहेत. पुढे एका मेकॅनिकने सायलेन्सरच्या शीटमधून गॅस्केट कापून दिलं आणि त्या तळहाताएवढ्या तुकड्याचे नऊशे घेतले. घासाघीस करायची ताकद नव्हती.

सेटिंग बदलावं लागतं. कंट्रोलरमध्ये लपवलेला मेनू असतो, माझ्यात १६८८ आकडा टाकल्यावर उघडला, बऱ्याच कंट्रोलरचा हाच असतो. त्यात पंपाचा कमीत कमी वेग सेकंदाला १.६ टिकटिक होता तो १.१ केला, जास्तीत जास्त ५ चा ३.३. पंखा होता तसाच ठेवला. सरळ हिशोब आहे, हवा एक-तृतीयांश कमी तर डिझेल पण तेवढंच कमी. उष्णताही कमी मिळते, त्याला इलाज नाही. आणि बंद करायच्या आधी पंधरा-वीस मिनिटं फुलवर चालवायचा म्हणजे साठलेली काजळी जळून जाते. बंद करताना बटणानेच, वायर ओढून कधीच नाही, आतला पंखा चेंबर थंड करून मगच थांबतो, तो मध्येच थांबवला तर आतली वायरिंग आणि सेन्सर भाजून निघतात.

नाको ते ताबो रस्त्याबद्दल एवढंच, मलिंग नाल्यापाशी सकाळी लवकर जाऊ नका, रस्त्यावर काचेसारखा बर्फ असतो जो दिसतच नाही. टायरला बर्फाची चेन लावायची प्रॅक्टिस घरी करून या. ताबोचा मठ ९९६ सालचा आहे, बघितला, सुंदर आहे.

ताबोला रॉकेल घातलेलं डिझेल, साफ केलेला चेंबर, नवीन सेटिंग. रात्रभर मधल्या वेगावर चालवला. मी झोपलोच नाही, दर तासाला धूर बघत होतो. सकाळी सहाला बाहेर उणे १७, आत ९, एक्झॉस्टचं तोंड करडं, काळं नाही. सुहासला उठवून दाखवलं तर तो शिव्या घालून परत झोपला. मला विचाराल तर पूर्ण ट्रिपमधला सगळ्यात भारी क्षण तो, मठ नाही, डोंगर नाही, तो करडा पाइप! पुढे काझाला तीन रात्री उणे २२ पर्यंत गेलं, एकदाही बंद पडला नाही. काझाचा पंप जगातला सगळ्यात उंच म्हणून बोर्ड आहे, ३७४० मीटर, तिथे फोटो काढला, डिझेल भरलं, त्यातही रॉकेल घातलंच.

दोन-तीन सुट्ट्या गोष्टी. एवढ्या थंडीत बाहेरची हवा ओढून गरम करू नका, दुसरा पाइप लावून तंबूतलीच हवा परत हीटरमध्ये फिरवा, फरक जमीन-अस्मानाचा आहे. पण तंबूची वरची खिडकी चार बोटं उघडी ठेवायचीच, आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म डोक्याशी, उशीच्या उंचीवर. तो नसेल तर हीटर पेटवू नका, यावर माझ्याशी वाद घालू नका. डिझेलचा कॅन बाहेरच, पण फॉइलच्या फोममध्ये गुंडाळून, आणि नळीवरही तोच फोम. पंप पेटीच्या आत, गरम हवेच्या पाइपजवळ, एक्झॉस्टजवळ नाही. झोपायची बॅग उणे वीसचीच आणा, हीटर आहे म्हणून हलकी आणली तर माझ्यासारखी पावणेतीनला आई आठवेल.

सगळं मिळून अडतीस हजार आणि बावीस किलो. होमस्टेत तंदूरपाशी झोपायला रात्रीचे हजार-बाराशे लागतात, जेवणासकट. पैशाचा हिशोब केलात तर बनवूच नका. पाठीवर घेऊन ट्रेकला जायची ही वस्तू नाही, गाडीपासून वीस पावलांवर तंबू असेल तरच. तरीही बनवायचाच असेल तर पहिली रात्र कल्प्याला काढा, तिथे धूर काळा आला तर पुढे नेऊ नका, तिथेच सेटिंग करा.

आणि खाली उतरल्यावर सेटिंग परत बदला. मी विसरलो. परवा सोसायटीतल्या लोकांना मोठ्या उत्साहाने गच्चीवर दाखवायला गेलो, दहा-बारा जण जमलेले, सेक्रेटरीसुद्धा. पुण्याच्या हवेत १.१ च्या वेगाने डिझेल पुरेनाच, दोनदा फुरफुरला आणि ई-१०.