ओकायामातलं घर

जपानमध्ये वर्षभर शिकायला जायचं नक्की झालं तेव्हा राहण्याचे दोन पर्याय समोर होते, वसतिगृह किंवा होस्ट फॅमिली. मी होस्ट फॅमिली घेतली. आज कुणी विचारलं तर तेच सुचवेन. पण बऱ्याच जणांना वाटतं तसा हा आयत्या जेवणाचा मार्ग नाही. दुसऱ्याच्या घरात राहायचं म्हणजे जेवण, आंघोळ, झोप, फोन, सगळंच ठरवून घ्यावं लागतं आणि तोंड उघडल्याशिवाय ते ठरत नाही. यजमान संकोचाने विचारत नाहीत, आपण भिडेपोटी सांगत नाही आणि दोन्हीकडची माणसं चांगली असूनही महिनोन्‌महिने अवघडून राहतात. आधी जाऊन आलेल्या एका मुलीने मला हे निघण्यापूर्वीच बजावलं होतं. तिचे उपकार मी विसरणार नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. पात्रतेचं प्रमाणपत्र, म्हणजे सीओई, तिकडून विद्यापीठ पाठवतं. त्यावर व्हिसा मिळतो. कान्साई विमानतळावर उतरलं की रेसिडेन्स कार्ड तिथेच हातात पडतं. पार्टटाइम काम करायचा विचार असेल तर परवानगीचा अर्जही तिथेच देऊन टाकावा. विद्यार्थ्याला आठवड्याला २८ तासांपर्यंत काम करता येतं. मग हारुका गाडीने शिन-ओसाका स्टेशन आणि तिथून शिनकानसेन या वेगवान गाडीने पाऊण एक तासात ओकायामा, मी वर्षभर राहिले ते शहर.

राहायला लागल्यापासून १४ दिवसांच्या आत शहराच्या कार्यालयात जाऊन पत्त्याची नोंद करायची असते. ओकासान, म्हणजे घरातली आई, अर्धा दिवस रजा काढून माझ्याबरोबर आल्या. त्या अर्जात घरप्रमुखाशी नातं असा एक रकाना असतो. तिथे काय लिहायचं हे खिडकीवर आधी विचारून घ्यावं. माझी त्याच पत्त्यावर वेगळं कुटुंब म्हणून नोंद झाली, त्यामुळे राष्ट्रीय आरोग्य विम्याचा हप्ता माझ्या नावाने आला आणि घरच्यांच्या हिशेबात मिसळला नाही. तीन महिन्यांहून जास्त राहणाऱ्या विद्यार्थ्याला हा विमा घ्यावाच लागतो. डॉक्टरांच्या बिलातले ३० टक्के आपण भरायचे. वयाची वीस वर्षं पूर्ण असतील तर पेन्शनचाही कागद पुढे येतो. विद्यार्थ्यांना त्याचा हप्ता पुढे ढकलण्याची सवलत असते, ती त्याच फेरीत मागून घ्यावी.

आता जेवण. मी शाकाहारी आहे आणि निवडीच्या फॉर्मवर तसं लिहिलं होतं. ओकासाननी वाचून सगळी तयारी करून ठेवली होती: टोफू, भाज्या, मिसो सूप. पण जपानी स्वयंपाकात शाकाहारी हा एक शब्द पुरत नाही, कारण मासा ताटात दिसत नाही, तो पाण्यात असतो. मिसो सूपचं पाणी, म्हणजे दाशी, बहुतेक घरांत कात्सुओबुशी घालून करतात. ट्यूनाच्या जातीचा मासा उकडून, धुरी देऊन, वाळवून त्याच्या कागदासारख्या पातळ चकत्या काढलेल्या असतात. सोबा नावाच्या शेवया बुडवून खायच्या त्सुयुमध्ये तोच. भातावर भुरभुरवायच्या फुरिकाकेत तोच. करी करायच्या तयार वड्यांत बऱ्याचदा गाईची किंवा डुकराची चरबी असते.

दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी मी ओकासानना म्हटलं, "आपण कपाट उघडून बसूया का?" त्यांनी सगळ्या बाटल्या आणि पाकिटं टेबलावर मांडली. एकेक उचलून मागची बारीक अक्षरं त्या वाचायच्या आणि मी हो किंवा नाही म्हणायचे. चालणाऱ्या वस्तूंवर त्यांनी हिरवा ठिपका चिकटवला. मासा, डुक्कर, गाय, कोंबडी यांची चित्राक्षरं मला एका कागदावर मोठी करून लिहून दिली. तो कागद पुढे वर्षभर माझ्या पाकिटात होता आणि सुपरमार्केटमध्ये मी त्यावरूनच लेबलं वाचायला शिकले. त्याच रात्री त्यांनी एका काचेच्या जगमध्ये कोम्बूचा, म्हणजे समुद्री शेवाळाचा, तुकडा आणि दोन वाळलेले शिताके, म्हणजे अळंबी, गार पाण्यात घालून फ्रिजमध्ये ठेवले. सकाळी त्याचं दाशी तयार. बौद्ध मठांतल्या स्वयंपाकात असंच दाशी वापरतात, हे ओबाआसाननी, म्हणजे आजींनी, मला तेव्हा सांगितलं. त्यानंतर घरातल्या सगळ्यांचं मिसो सूप त्या जगमधूनच होऊ लागलं.

एक गोष्ट मात्र मी आग्रहाने सांगितली: माझ्यासमोर मासे खाणं कुणी बंद करू नका. पहिले काही दिवस ते चौघंही माझ्यासारखंच जेवत होते आणि शाळेतला मुलगा भाताकडे बघत बसायचा. कुणाच्या सोयीसाठी सगळ्या घराने उपास धरावा, हे मला बरं वाटत नव्हतं. मग ग्रिलवरची सॅमन परत आली आणि टेबलावर गप्पाही वाढल्या.

शुक्रवारचा स्वयंपाक मी मागून घेतला. वरणभात, बटाट्याची भाजी, कधी मुगाची खिचडी. जपानी तांदूळ चिकट, त्यामुळे खिचडी छान आसट होते. फोडणीच्या आधी एक्झॉस्ट लावायचा आणि वाळत घातलेले कपडे आत घ्यायचे, एवढा नियम ठरला. ओबाआसानना साधं वरण फार आवडलं, त्या ते वाटीतून प्यायच्या.

आंघोळीबद्दल सगळेच बोलतात, पण घरात ती कशी चालते ते बघितल्याशिवाय कळत नाही. आधी बाहेर स्टुलावर बसून साबण लावून अंग पूर्ण धुवायचं आणि मगच टबात उतरायचं. टबातलं पाणी चाळीस-बेचाळीस अंशांचं असतं आणि सगळं घर एकामागून एक त्याच पाण्यात बसतं. त्यामुळे आत साबण जाऊ द्यायचा नाही, केस वर बांधायचे, बाहेर आल्यावर पाण्यावर काही तरंगत असेल तर छोट्या जाळीने काढायचं आणि झाकण लावायचं, म्हणजे पुढच्याला पाणी गरम मिळतं. सुरुवातीला पाहुणी म्हणून मला पहिला नंबर द्यायचे. मी विचारलं, एरवी पहिला कुणाचा? ओबाआसानचा. मग तो त्यांचाच राहू दे, मी अभ्यास आटोपून शेवटी जाईन, असं ठरलं. शेवटच्या माणसाकडे एक काम असतं: वॉशिंग मशीनची नळी टबात सोडायची. उरलेलं पाणी पंपाने मशीनमध्ये जातं आणि कपडे त्यात धुऊन निघतात, खळबळायला तेवढं ताजं पाणी. टंचाईत वाढलेल्या कुणालाही ही व्यवस्था बघून समाधान वाटेल.

घरात रुळायला मला सगळ्यात जास्त मदत झाली ती कामाची. "मी काही मदत करू का?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "नको, तू अभ्यास कर." म्हणून मी मोघम विचारणं सोडलं आणि नेमकं काम मागितलं: रोज संध्याकाळी टब घासणं आणि कचरा. या दोन कामांनी मी त्या घराची झाले, असं मला मनापासून वाटतं. ओकायामात जळणारा कचरा पालिकेच्या ठरलेल्या पिशव्यांतूनच द्यावा लागतो आणि त्या पिशव्या विकत घ्याव्या लागतात. २००९ पासून ही पद्धत आहे. साहजिकच जे जे वेगळं काढता येईल ते घरोघरी वेगळं काढतात. प्लास्टिकच्या (पेट) बाटलीचं झाकण आणि वेष्टन काढायचं, ती विसळून दाबायची. दुधाचा खोका विसळायचा, कडेने कात्रीने उभा कापायचा, उलगडून सपाट करायचा, भांड्यांच्या जाळीवर वाळत ठेवायचा आणि गठ्ठा झाला की दोरीने बांधायचा. पहिला गठ्ठा बांधला तेव्हा ओबाआसान शेजारी येऊन बसल्या आणि गाठ कशी मारायची ते दाखवलं. त्यांचं बोलणं ओकायामाच्या बोलीतलं, माझ्या पुस्तकातल्या जपानीशी फारसं न जुळणारं. वर्गात शिकले त्यापेक्षा कितीतरी जास्त कानाला त्या गठ्ठ्यांपाशी बसून मिळालं.

कॉलेजला सायकलने जायचे. शहर सपाट आहे, त्यामुळे दम लागत नाही. सायकलची नोंदणी करून स्टिकर लावून घ्यावं लागतं आणि पावसात छत्री धरून चालवणं बेकायदा आहे, रेनकोटच घालायचा. वाटेत आसाही नदी, पलीकडे काळा किल्ला आणि कोराकुएन बाग. पुण्यातलं पु. ल. देशपांडे उद्यान जिच्यावरून बेतलं, ती हीच.

घरी परतायची वेळ हा मात्र नाजूक विषय होता. मी येईपर्यंत ते जेवायला थांबायचे, तसं न सांगता. मला ग्रंथालयात उशीर होणार असेल तर इकडे चार माणसं ताटकळणार, या विचाराने माझं अभ्यासात लक्ष लागेना. शेवटी ओकासाननी फ्रिजवर एक कॅलेंडर लावलं. घरी जेवणार असेन त्या दिवशी गोल, नसेन तर फुली आणि ऐनवेळी बदललं तर चारच्या आत लाइन या मेसेजिंग अ‍ॅपवर मेसेज. शाळेतला मुलगाही क्लबच्या सरावाच्या दिवशी त्यावर खुणा करायला लागला.

फोनचंही असंच. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे. आपल्याकडे रात्रीचे आठ म्हणजे तिथे साडेअकरा, आणि लाकडी घर, सरकती दारं, कुजबुजही पलीकडे ऐकू जाते. घरच्यांशी रोज रात्री बोलायचं तर सगळ्यांची झोपमोड. म्हणून रविवारी दुपारी तीनला बैठकीच्या खोलीत बसून बोलायचं ठरवलं. माझी आई आणि ओकासान एकमेकींना पाहून हात हलवायच्या, दोघींची भाषा वेगळी असूनही दर वेळी काही ना काही बोलायच्याच.

थंडीची तयारी करून जा. पूर्ण घर गरम ठेवण्याची पद्धत नाही. माणसं बसतात ती खोली तेवढी उबदार असते आणि व्हरांड्यात श्वासाची वाफ दिसते. संध्याकाळी सगळे कोतात्सूभोवती येतात, त्या रजई लावलेल्या, खालून हीटर असलेल्या बुटक्या टेबलाशी. माझा सगळा गृहपाठ तिथेच झाला. डिसेंबरमधली जपानी भाषेची एन-थ्री पातळीची परीक्षा जवळ आली तेव्हा ओतोसान, म्हणजे घरातले वडील, रात्री वर्तमानपत्रातला एक परिच्छेद मोठ्याने वाचायचे आणि मी ऐकून लिहायचे.

एका गोष्टीकडे परदेशी विद्यार्थी फारसं लक्ष देत नाहीत, म्हणून ती सविस्तर सांगते. आल्यावर पहिल्याच रविवारी ओतोसाननी टेबलावर धोक्याचा नकाशा पसरला. प्रत्येक पालिका असा नकाशा काढते, नदी फुटली तर कुठे किती पाणी चढेल ते त्यावर रंगांत दाखवलेलं असतं. ओकायामा कमी पावसाचा, उन्हाचा प्रदेश म्हणून जपानभर ओळखला जातो. तरी जुलै २०१८ च्या अतिवृष्टीत शेजारच्या कुराशिकी शहरातल्या माबी भागात नद्यांचे बांध फुटले आणि पन्नासहून जास्त माणसं गेली. मेलेल्यांत बहुतेक म्हातारी माणसं होती, घरातून वेळेवर बाहेर न पडलेली. ओतोसान तेव्हा चिखल काढायला गेले होते. ते सांगताना त्यांचा आवाज अगदी सपाट होता आणि ओबाआसान खाली बघत होत्या. मग आम्ही चालत जवळच्या शाळेपर्यंत गेलो, निवाऱ्याची जागा तीच. रात्रीही ओळखू यावी म्हणून रस्ता दोनदा दाखवला. १७१ या क्रमांकावर आवाजी निरोप कसा ठेवायचा, कुठल्या फोन नंबरखाली ठेवायचा, हे लिहून घ्यायला लावलं. दाराशी ठेवलेल्या आपत्कालीन पिशव्यांत एक माझी होती: पाणी, टॉर्च, रेनकोट, पासपोर्टची प्रत आणि मला चालणाऱ्या बिस्किटांचा डबा, हिरवा ठिपका लावलेला. होस्ट फॅमिलीने स्वतःहून नकाशा दाखवला नाही तर तुम्ही मागा. यात भीड बाळगू नका.

निघतानाही कागद असतातच. शहराच्या कार्यालयात स्थलांतराची नोंद, विम्याची नोंद बंद करून शेवटचा हप्ता चुकता करणं, सायकल दुसऱ्याला देणार असाल तर तिची नोंदणी बदलणं, आणि विमानतळावर रेसिडेन्स कार्ड रद्द होतं. शेवटच्या आठवड्यात परीक्षा असतात, त्यामुळे हे आधी उरकून घ्या.

स्टेशनवर सोडायला आल्या तेव्हा ओकासाननी विचारलं, पुन्हा विद्यार्थी घ्यावा का. मी म्हटलं, नक्की घ्या, आणि आल्या आल्या त्याला एखादं काम द्या. यंदाच्या एप्रिलपासून त्यांच्याकडे व्हिएतनामची एक मुलगी राहते आहे. टब घासायचं काम आता तिच्याकडे आहे.