बर्डीवर मिळालेले वृत्तछायाचित्रांचे पुस्तक

आज दुपारी नागपूरच्या बर्डीवरील (सीताबर्डी) जुन्या पुस्तकांच्या दुकानात वृत्तछायाचित्रांचा एक जाडजूड संग्रह हाती लागला. बांधणी सैल झालेली, दोन पाने सुटलेली. तरीही मी तो मोठ्या आनंदाने घरी आणला, कारण गेली अनेक वर्षे मी अशीच पुस्तके जमवत आलो आहे.

संध्याकाळभर भोपाळच्या एकाच पानावर थांबलो. डिसेंबर १९८४ मधील वायुदुर्घटनेनंतर रघु राय आणि पाब्लो बार्थोलोम्यू या दोघा छायाचित्रकारांनीही एका अनोळखी बालकाचे दफन टिपले. बार्थोलोम्यू यांच्या रंगीत छायाचित्राला ‘वर्ल्ड प्रेस फोटो’ या आंतरराष्ट्रीय वृत्तछायाचित्र स्पर्धेचा त्या वर्षीचा सर्वोच्च सन्मान मिळाला. माझ्यासमोर होते ते राय यांचे कृष्णधवल छायाचित्र: मातीत बुजत चाललेला इवलासा चेहरा, उघडे राहिलेले निस्तेज डोळे आणि त्या चेहऱ्यावरून मायेने फिरणारा एक हात. हा हात कोणाचा, हे चौकटीत दिसत नाही, आणि मला वाटते, त्या माणसाचा चेहरा दिसला असता तर आपली नजर बाळावरून ढळली असती. चौकटीबाहेर काय ठेवायचे, हे मी अशाच चित्रांतून शिकत आलो आहे.

वर्तमानपत्रातले चित्र दुसऱ्या दिवशी रद्दीत जाते. पुस्तकातल्या चित्राकडे मात्र पुन्हा पुन्हा परतता येते, भिंग घेऊन छपाईचे ठिपकेसुद्धा न्याहाळता येतात. (दोन पानांवर पसरलेले चित्र शिवणीत गिळले जाते, तेव्हा फार वाईट वाटते.)

सुटलेली पाने उद्या सकाळी खळीने चिकटवीन.