पाय मोडला तरी तेच बूट?

रविवारी धावून झाल्यावर टपरीवर चहा घेताना कुणी ना कुणी माझ्या पायांकडे बघतं आणि विचारतं, "मॅडम, या बुटांनीच तुमचा पाय मोडला होता ना? मग अजून हेच?" पाठोपाठ दुसरा प्रश्न ठरलेला: "आम्ही कुठले घेऊ?" इतकी वर्षं मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. तुम्ही परत परत विचारलंत, म्हणून आज सगळं सांगते.

हो, तेच बूट. एक बूट १५० ग्रॅमचा, तळ पातळ, टाच आणि चवडा एका पातळीवर. घालते ते गुडघ्यासाठी. चाळिशीत धावायला लागले तेव्हा दुकानदाराने दिले ते जाड गादीचे बूट घेतले होते, त्यांची टाच चवड्यापेक्षा १२ मिलिमीटर उंच. माझी ढांग लांब पडायची, टाच पुढे जाऊन आपटायची. वर्षभरात उजवा गुडघा इतका दुखायला लागला, की शाळेचा जिना मी कठड्याला धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरायचे. मुलं मागे थांबून राहायची. पातळ बूट घातल्यावर पावलं आपोआप आखूड झाली, कारण टाच आपटली की मेंदूपर्यंत कळ जाते. महिन्याभरात मी कठडा सोडून जिना उतरले. हे ज्यांनी अनुभवलेलं नाही, त्यांनी मला 'फॅड' हा शब्द ऐकवू नये.

आता पाय मोडल्याचं.

ऑगस्ट २०१६. सातारा हिल हाफ मॅरेथॉनला, म्हणजे घाटातल्या २१ किलोमीटरच्या शर्यतीला, महिना उरला होता. ज्यांनी ती धावलीय त्यांना यवतेश्वरचा घाट सांगायला नको. पातळ बुटांत मला अडीच महिने झाले होते आणि मी आठवड्याला ४० किलोमीटर धावत होते. दम वाढला होता, पोटऱ्या दगडासारख्या झाल्या होत्या. मला वाटलं, शरीर तयार झालं. शरीराचा कुठला भाग कधी तयार होतो, हे तेव्हा माहीत नव्हतं. छाती आणि स्नायू काही आठवड्यांत साथ द्यायला लागतात, हाडाला महिने लागतात. नवा भार पडला की हाड आधी जुना भाग झिजवतं, मग नवा भरतं. मधल्या काळात ते आधीपेक्षाही कच्चं असतं. मी नेमकी त्या काळात घाट उतरत होते.

सोबत माझी मैत्रीण होती. तिच्याही पायात तसेच बूट, माझ्याच हट्टाने घेतलेले. पाऊस थांबला होता, धुकं इतकं की कठड्यापलीकडचं सातारा दिसत नव्हतं. उतारावर वेग आवरायला मी प्रत्येक पावलाला चवड्यावर ब्रेक मारत होते. एका वळणावर डाव्या पावलाच्या वरच्या बाजूला, दुसऱ्या बोटाच्या मागे, कुणी दाभण खुपसावं तशी कळ आली. मी थांबले, लेस सैल केली, परत धावले. अर्धा किलोमीटर. का धावले, याचं उत्तर आजही माझ्याकडे नाही. मग पाय टेकवेना. मैत्रीण म्हणाली, "अगं, खांदा धर." समर्थ मंदिरापर्यंत तीन किलोमीटर मी तिच्या खांद्यावर आले, तासाहून जास्त वेळ. ती एकदाही थकले म्हणाली नाही.

पहिल्या एक्स-रेमध्ये काहीच नव्हतं. मुरगळलाय, विश्रांती घ्या, असं सांगितलं गेलं आणि मला हवं तेच ऐकायला मिळालं. दहाव्या दिवशी मी पाच किलोमीटर धावून आले. तीन आठवड्यांनी पावलावरची सूज उतरेना म्हणून दुसरा एक्स-रे काढला. डॉक्टरांनी तो खिडकीशी धरला. दुसऱ्या लांब हाडाच्या मधोमध, दोन्ही बाजूंनी, कापसाच्या पुंजक्यासारखी पांढुरकी सावली होती. "ही नवीन हाड भरतंय त्याची खूण. चीर तेव्हाच पडलेली, पण इतकी बारीक की सुरुवातीला बऱ्याचदा दिसत नाही. सैन्यात नव्याने भरती झालेल्या पोरांना होतं हे, म्हणून याला मार्च फ्रॅक्चर म्हणतात." मी एवढंच विचारलं, "शर्यत?" ते म्हणाले, "ताई, आधी चालायचं बघू."

सहा आठवडे पाय प्लास्टरमध्ये होता. त्या काळात वाचायला वेळ मिळाला. हार्वर्डच्या डॅनियल लीबरमन यांचा २०१० चा अभ्यास मी सगळ्यांना ऐकवत असे: अनवाणी धावणारे बऱ्याचदा चवड्यावर उतरतात, म्हणून टाचेला अचानक दणका बसत नाही. अभ्यास खरा आहे. पण त्याने दुखापती कमी होतात असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही, ते मी मनाने जोडलं होतं. २०१३ चा दुसरा अभ्यास मात्र मी आधी उघडलाच नव्हता. अमेरिकेतले ३६ धावपटू, १० आठवडे. त्यातले १९ जण हळूहळू अनवाणीसारख्या बुटांकडे वळले, आणि त्यांच्यातल्या १० जणांच्या पायाच्या हाडांत एमआरआयवर सूज वाढलेली दिसली. माझा पाय मोडायच्या तीन वर्षं आधी हे छापून आलं होतं.

तेव्हाची मी म्हणायची, माणूस लाखो वर्षं अनवाणीच धावला. बरोबर आहे, पण मी नव्हते धावले. मी पहिलीपासून शाळेचे काळे बूट घातले आणि पुढे वीस वर्षं टाचेच्या सँडल. तेव्हाची मी हेही म्हणायची, इथिओपियाचा अबेबे बिकिला १९६० ला रोम ऑलिम्पिकमध्ये अनवाणी मॅरेथॉन जिंकला. जिंकला. आणि १९६४ ला टोकियोत बूट घालून तीन मिनिटं कमी वेळात जिंकला, हे मी कधी सांगितलं नाही. तुम्हीही मला बारामतीच्या लता करेंचं उदाहरण देता, नऊवारीत अनवाणी धावून पहिल्या आल्या म्हणून. त्या माउलीला नवऱ्याच्या उपचारासाठी पैसे हवे होते. त्यांच्या पायांवरून बुटांचा वाद घालू नका, माझी विनंती आहे.

इथवर मी लोकांना सांगू शकते. पुढचं सांगत नाही, म्हणून कुठले बूट घेऊ याचं उत्तर देत नाही.

मी प्लास्टरमध्ये असताना मैत्रीण एकटी धावत होती. तिची टाच मागून दुखायला लागली. सकाळी पलंगावरून उतरताना पहिली दहा पावलं लंगडत टाकावी लागतात, असं तिने फोनवर सांगितलं. मी म्हणाले, "पोटरी तयार होतेय. सोडू नकोस." माझ्या पायाला प्लास्टर होतं आणि मी तिला हे सांगत होते. आज मला माहीत आहे की हे बूट भार नाहीसा करत नाहीत, जागा बदलतात. गुडघ्यावरून उतरलेलं ओझं पोटरीवर आणि टाचेमागच्या जाड शिरेवर जाऊन बसतं. माझा गुडघा दुखत होता, मला ते मानवलं. तिचे गुडघे ठणठणीत होते. तिने माझं ऐकून आणखी पाच आठवडे धाव घेतली आणि मग धावणंच सोडलं. मला कधी बोल लावला नाही.

मग दोष बुटांचा की घाईचा? घाईचा, असं मी बरीच वर्षं म्हणत आले, कारण त्यामुळे बूट वाचतात. पण घाई करावीशी वाटावी इतके ते हलके असतात, हेही खरं. १०० ग्रॅम कमी झाले की धावायला साधारण एक टक्का कमी प्राणवायू लागतो. पायाला ते लगेच जाणवतं, पाय सुटतात. हाडाला त्याचा पत्ता नसतो. दोष कुणाचा, मला ठरवता येत नाही. आता मी ते सपाटीवर, आठवड्यातून दोनदा घालते. घाटात जाड बूट.

परवा मैत्रिणीचा फोन आला. "मला परत सुरू करायचंय. कुठले घेऊ?" इतक्या जणांना टाळलं, तिला टाळता येईना. गुरुवारी संध्याकाळी दुकानात जाणार आहोत, संध्याकाळी अशासाठी की दिवसभरात पाय थोडे फुगतात. तिला जुने बूट आणायला सांगितलंय, तळ कुठे झिजलाय ते बघायचंय. नव्या बुटातलं आतलं अस्तर काढून त्यावर तिला उभी करणार, बोटं बाहेर सांडली तर तो बूट बाद. मग वाकवून बघायचा. चवडा वाकतो तिथेच तो वाकायला हवा, मधे दुमडला तर नको. टाच चवड्यापेक्षा किती उंच हवी, यावर मात्र माझं मन अजून ठरत नाही. आठ मिलिमीटर म्हणावं असं वाटतं. हातात घेतल्यावर ती नक्की विचारेल, "तुझ्यासारखे हलके नाहीत का?"