प्लेट २३: आक्रसायची सोडून फुगली

मागच्या वेळी थाटात लिहिलं होतं, फोटोपॉलिमरची (प्रकाश पडला की घट्ट होणाऱ्या थराची) २३ नंबरची होलोग्राम प्लेट २.१ टक्के आक्रसली. ५३२ नॅनोमीटरला घेतलेलं डेनिस्युक (प्रकाश परतवणारा होलोग्राम), दिव्याखाली पक्कं केल्यावर डिप (आरपार आलेल्या प्रकाशातला खड्डा, म्हणजे प्लेट परतवते तो रंग) ५२१ ला. थर आक्रसला की डिप निळ्याकडे सरकतो, फुगला की लालकडे. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच प्लेट लावली तर ५३६! म्हणजे आकुंचन उणे पाऊण टक्का.

पहिला संशय कोनावर. प्लेट बाहेरून १० अंश कलली तरी डिप साडेतीन नॅनोमीटर निळ्याकडे सरकतो, आकुंचनाचं हुबेहूब सोंग. म्हणून परतीचा ठिपका पिनहोलवर बसवून, म्हणजे प्लेट किरणाला अगदी काटकोनात ठेवून, चारदा मोजलं. तेच. (कोन चुकला असता तर आकडा निळ्याकडे गेला असता, लालकडे नाही, हे दोन दिवसांनी सुचलं.) मग स्पेक्ट्रोमीटरला शिव्या. जुन्या सीएफएलमधल्या पाऱ्याच्या ५४६ च्या रेषेवर तपासला, चोख निघाला.

गुन्हेगार होता पुण्याचा जुलै. थरातलं पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल) पाणी पितंच, पण आपल्या मिश्रणातलं टीईए (ट्रायइथेनॉलअमाइन) तर हवेतून बाष्प ओढतं. सिल्व्हर हॅलाइडवाले (चांदीच्या क्षारांवर होलोग्राम घेणारे) प्लेट मुद्दाम फुगवून रंग बदलायला हेच वापरतात, तरी माझी ट्यूब पेटली नाही! त्यात दुकानदारानं दिलेली बाटली किती दिवस सैल बुचाची होती देव जाणे. म्हणजे ५२१ ही दिव्यानं शेकलेली प्लेट, ५३६ ही भिजलेली. खरं आकुंचन दोन्ही आकड्यांत नाही.

सिलिका जेल प्लेट फारच कोरडी करतं, म्हणून लोणच्याच्या बरणीत पोटॅशियम कार्बोनेटचं संपृक्त द्रावण ठेवलं. आर्द्रता ४३ टक्क्यांवर खिळते, फुकटात. नवी प्लेट एक्स्पोजरच्या आधी एक रात्र आणि नंतर एक रात्र त्यात. डिप: ५२७, ५२७, ५२६. तिन्ही आकडे जुळलेले पाहून चहा दोनदा केला.

म्हणजे जेमतेम १ टक्का. पण पॉलिमर झाल्यावर अपवर्तनांक वाढतो, तो यातलं थोडं आकुंचन झाकतोच. म्हणून पुढची प्लेट पुन्हा डेनिस्युक घेणार होतो, ते रद्द. तिरपं ट्रान्समिशन ग्रेटिंग (आरपार जाणारा प्रकाश वळवणारी समांतर पट्ट्यांची जाळी) घेतो. सरळ नको, फ्रिंजा (ते पट्टे) काचेला लंब असल्या की जाडी घटली तरी ब्रॅग कोन (ज्या कोनातून ग्रेटिंग सगळ्यात जास्त प्रकाश वळवतं तो) हलत नाही. दोन्ही बाजूंचे ब्रॅग कोन मोजले की फ्रिंजांचा कल बदलला की अपवर्तनांक, ते वेगळं काढता येईल.

आणि हे टाइप करताना सुचलं: एरिथ्रोसिनला (थरातल्या प्रकाश टिपणाऱ्या रंगाला) लाल दिसत नाही. मग ६३३ चा हेलियम-निऑन एक्स्पोजर चालू असतानाच आरपार सोडला तर? आक्रसणं घडताना बघता येईल. फिरती बैठक दशांश अंशाची हवी, ओळखीच्या टर्नरकडे इंडेक्सिंग हेड (कोन मोजून फिरवायचं साधन) आहे. शनिवारी जातोय.