पाळी संपल्यावरची दहा मिनिटं

पुण्याजवळच्या भोसरी-चाकणकडच्या कारखान्यांत एखादा जॉब, म्हणजे मशीनवर केलेला भाग, रिजेक्ट झाला की पाचदा 'का' विचारायची सवय आता सगळ्यांना लागली आहे. टूल झिजलं का? क्लॅम्प सैल होता का? सेटिंग कोणी हलवलं? पण त्याच लाईनवर सुपरवायझर चारचौघांत एका ऑपरेटरवर डाफरला आणि त्या पोराने नंतर आठवडाभर मशीनचा आवाज बदललेला ऐकूनही तोंड उघडलं नाही, तर या बिघाडाची नोंद कुठल्याच शीटवर येत नाही. जॉब वाया जातात आणि दोष बेअरिंगच्या नावावर जातो.

माणसं सांभाळणाऱ्याने स्वतःकडे बघायला शिकायचं ते यासाठी. त्याला एक शंभर पानी वही पुरते. वेळ पाळी संपल्यावरची, गाडी काढण्याआधीची दहा मिनिटं. मोबाईलवर लिहू नये, तिथे लगेच दुसरा मेसेज येतो. दिवसातला एकच प्रसंग घ्यायचा आणि चार गोष्टी लिहायच्या: काय घडलं, अंगात काय झालं, मी काय केलं, समोरच्याने पुढे काय केलं. पहिल्या ओळीत कॅमेऱ्याला दिसेल तेवढंच. 'तो उर्मटपणे वागला' हे चालत नाही; 'माझ्याकडे न बघता "बघतो" म्हणाला' हे चालतं. एखादी नोंद अशी दिसेल:

'११:४०. डिस्पॅचचा फोन. लगेच ऑपरेटर ड्रॉइंगमधलं एक माप विचारायला आला. कान तापले. इतकंही कळत नाही का, म्हणालो. तो गप्प मशीनवर गेला. पुन्हा विचारायला आला नाही.'

इथे 'मी असं का वागलो' हा प्रश्न मुद्दाम टाळावा. मशीनच्या बाबतीत 'का' चालतो, कारण उत्तर गेजने तपासता येतं. मनाला 'का' विचारलं की ते हाताशी असलेली सबब पुढे करतं: कामाचा ताण होता, तोच तसा आहे. 'काय' आणि 'केव्हा' एवढंच विचारलं की सबबीला जागा उरत नाही.

रविवारी वीस मिनिटं बसून आठवड्याच्या नोंदी सलग वाचायच्या आणि पुन्हापुन्हा येणाऱ्या शब्दाखाली रेघ मारायची. वरून फोन आला की पुढच्या पाव तासात आवाज चढतो, असं दिसलं तर उपाय छोटा असतो: फोन ठेवला की आधी कूलरपर्यंत जाऊन पाणी पिऊन यायचं. तीन आठवडे एवढा एकच बदल. पाच बदल एकदम धरले की एकही टिकत नाही.

वही बिघडते ती बहुतेक दोन तऱ्हांनी. एक, ती तक्रारवही होते. वाक्यं 'तो', 'ती', 'ते लोक' यांनीच सुरू व्हायला लागली की हे ओळखावं. दुसरी, 'मी नालायकच' असा स्वतःला झोडपण्याचा सूर. तो प्रामाणिक वाटतो, पण त्यातून उद्या काय करायचं हे कळत नाही. तीन दिवसांनी आठवून लिहिणंही नको, तोवर आठवण आपल्या सोयीची झालेली असते. मोठ्या निर्णयाचं तर निकाल लागण्याआधीच लिहून ठेवावं: काय होईल असं वाटतं, कशावरून वाटतं. नाहीतर नंतर 'मला ठाऊकच होतं' म्हणायला मन मोकळं असतं.

हे सगळं पुण्याला नवं नाही. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९०५ साली इथे भारत सेवक समाज स्थापन केला. तिथे नव्या सदस्याला पाच वर्षं उमेदवारी करावी लागे, आणि सात शपथांपैकी एक होती: कोणाशीही वैयक्तिक भांडण करणार नाही. देशकार्याला निघालेल्या माणसाला आधी स्वतःचा राग आवरता यावा, याला तिथे एवढं मोल होतं.

वहीत न दिसणारंही बरंच असतं. म्हणून महिन्यातून एकदा, एकाच माणसाला विचारावं: 'मी काय करतो तेव्हा तुझं काम अडतं?' 'मी कसा वाटतो' असं विचारलं तर 'चांगले आहात, सर' एवढंच मिळेल. उत्तरावर फक्त 'सांगितलंस ते बरं केलंस' म्हणायचं. एकदा खुलासा देत बसलात, की पुढच्या महिन्यात कोणी खरं बोलत नाही.

आणि चूक चारचौघांत झाली असेल तर ती कबूलही चारचौघांतच करावी, दुसऱ्या दिवशी पाळीच्या सुरुवातीला सगळे उभे असतात तेव्हा. 'काल मी तुझ्यावर आवाज चढवला, ते चुकलं. तुझा प्रश्न बरोबर होता.' पुढे 'पण' जोडायचा नाही. मग ड्रॉइंग टेबलावर पसरायचं आणि त्या मापाचं काय अडलं होतं ते त्याच्याकडून पहिल्यापासून ऐकून घ्यायचं.