किल्ल्या सांभाळणाऱ्यांचा मेळावा

दर वर्षी ऑगस्टच्या पहिल्या रविवारी पीजच्या दूरचित्रवाणी केंद्राशी जोडलेली आम्ही जुनी माणसे नडियादजवळच्या एका शाळेच्या सभागृहात एकत्र जमतो. पीज हे गुजरातच्या खेडा जिल्ह्यातले, चरोतरच्या सुपीक मातीतले गाव. 1975 साली इस्रोच्या अहमदाबादच्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरने, ज्याला आम्ही सारे नुसते 'सॅक' म्हणत असू, तिथे एक लहानसा प्रक्षेपक उभा केला आणि पुढची दहा वर्षे त्या मनोऱ्यावरून आजूबाजूच्या खेड्यांसाठी, त्या खेड्यांच्याच बोलीत कार्यक्रम दाखवले गेले. मी अहमदाबादच्या रायपूर भागातल्या मराठी कुटुंबातला. विशीत असताना गावोगावच्या सार्वजनिक दूरचित्रवाणी संचांची देखभाल करणाऱ्या तुकडीत मला काम मिळाले आणि माझ्या आयुष्यातली उमेदीची वर्षे जीपच्या मागच्या बाकावर, मांडीवर व्हॉल्व्हचे खोके आणि अँटेनाच्या तारेचे वेटोळे घेऊन गेली. त्या वर्षांविषयी मला आजही जे वाटते, ते या मेळाव्यात दर वर्षी नव्याने वाटते, म्हणून हे लिहीत आहे.

मेळाव्याची सुरुवात इतर कोणत्याही मेळाव्यासारखीच होते. दीपप्रज्वलन होते, पाहुण्यांना शाल आणि श्रीफळ दिले जाते, वर्षभरात निधन पावलेल्यांना श्रद्धांजली वाहिली जाते आणि जमाखर्च वाचला जातो. त्यानंतर आमच्यातले एक निवृत्त निर्माते केंद्राचा इतिहास सांगतात. ते दर वर्षी तोच सांगतात आणि तो तसाच सांगितला जावा असे मला वाटते, कारण शाळेची मुले मागच्या रांगांत बसलेली असतात आणि दर वर्षी ती नवी असतात.

हा इतिहास विक्रम साराभाईंपासून सुरू होतो. दूरचित्रवाणी शहरांकडून खेड्यांकडे झिरपत येण्याची वाट न पाहता ती थेट खेड्यांपासूनच सुरू करावी, हा त्यांचा आग्रह होता. 1971 च्या डिसेंबरात ते अकस्मात गेले आणि ते काम 'सॅक'चे संचालक, शास्त्रज्ञ यशपाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे नेले. 1 ऑगस्ट 1975 पासून 31 जुलै 1976 पर्यंत अमेरिकेच्या एटीएस-6 या उपग्रहाच्या मदतीने सहा राज्यांतल्या 2,400 खेड्यांत कार्यक्रम पोचवण्याचा 'साइट' हा मोठा प्रयोग झाला, आणि त्याच्या व्यवस्थापनाची धुरा मूळचे कोल्हापूरचे एकनाथ वसंत चिटणीस यांनी सांभाळली. त्यांचे नाव घेतले की सभागृहातल्या आम्हा चारसहा मराठी माणसांच्या पाठी आपोआप ताठ होतात. त्या सहा राज्यांत गुजरात नव्हते. खेडा जिल्ह्यातला प्रयोग उपग्रहावर विसंबून नव्हता. अहमदाबादच्या स्टुडिओत तयार झालेला कार्यक्रम पीजच्या मनोऱ्यावरून थेट आजूबाजूच्या गावांकडे जात होता. त्यामुळे वर्षभराची मुदत संपून उपग्रह इथून हलवला गेला आणि त्या 2,400 खेड्यांपैकी पुष्कळ ठिकाणचे पडदे काळे झाले, तरी आमचा मनोरा जमिनीवर घट्ट उभा होता आणि सुमारे चारशे गावांतले सहाशेहून अधिक सार्वजनिक संच संध्याकाळी उजळत राहिले.

या केंद्रावर जाहिराती नव्हत्या. कार्यक्रम ठरवण्याआधी समाजशास्त्राचे अभ्यासक गावांत जाऊन राहत, लोकांना काय हवे आहे आणि काय खुपते आहे हे टिपत, आणि मग लेखक व निर्माते कामाला लागत. 'चतुर मोटा' या मालिकेत हुंडा आणि विधवाविवाह यांसारखे विषय लोकांच्या ओळखीच्या ढंगात आले. 'हुं ने मारां ए' मध्ये नवराबायकोच्या बोलण्यातून कुटुंबनियोजनाची गोष्ट आली. पण मेळाव्यात सर्वांत जास्त बोलले जाते ते 'दाद फरियाद' विषयी. आमची माणसे हाताने उचलून नेता येईल असे ध्वनिचित्रमुद्रण यंत्र घेऊन गावात जात. विहीर आटली, रस्ता झाला नाही, मजुरी पूर्ण मिळाली नाही, अशा ज्या तक्रारी असतील त्या तक्रार करणाऱ्याच्याच तोंडून टिपून घेत. मग ती फीत संबंधित अधिकाऱ्यासमोर लावली जाई, त्याचे उत्तर टिपले जाई, आणि दोन्ही संध्याकाळी साऱ्या गावांसमोर येत. ज्या माणसाला कचेरीच्या पायरीवर कोणी उभे करत नव्हते, त्याचा चेहरा पडद्यावर आणि साहेबांचे उत्तर त्याच्या नंतर, हा क्रम मला आजही फार मोलाचा वाटतो. 1984 साली ग्रामीण संज्ञापनाच्या कामासाठी युनेस्कोचा पुरस्कार या प्रकल्पाला मिळाला, तेव्हा तो आपल्या गावाला मिळाला असे समजून लोकांनी गूळ वाटला होता. मी स्वतः तो गूळ तीन गावांत खाल्ला आहे.

इतिहासाचे हे भाषण झाले की मग ज्यासाठी मी वर्षभर वाट पाहतो तो भाग सुरू होतो. त्याला कार्यक्रमपत्रिकेत 'मनोगते' असे साधे नाव असते, परंतु आमच्यात त्याला किल्लीवाल्यांची पाळी म्हणतात. प्रत्येक सार्वजनिक संच लाकडी पेटीत असे, पेटीला कुलूप असे आणि त्याची किल्ली गावातल्या एका माणसाकडे असे. तो कुठे दूध मंडळीचा, म्हणजे गावच्या दूध सहकारी संस्थेचा, कारकून, कुठे शिक्षक, कुठे पंचायतीचा शिपाई असे. संध्याकाळी वेळेवर पेटी उघडणे, पडदा पुसणे, मुलांना मागे सारणे, कार्यक्रम संपल्यावर कुलूप लावणे, आणि बिघाड झाला तर आम्हाला पोस्टकार्ड टाकणे, इतके काम तो माणूस करत असे. त्याचे नाव कोणत्याही कार्यक्रमाच्या शेवटी पडद्यावर आले नाही. त्या माणसाने एक दिवस दिरंगाई केली असती तर अहमदाबादच्या स्टुडिओत झालेली सारी मेहनत त्या गावापुरती वाया गेली असती, हे मी डोळ्यांनी पाहिलेले आहे. आणि म्हणूनच मेळाव्याच्या पहिल्या बैठकीत, व्यासपीठावर बोलण्याचा पहिला हक्क किल्लीवाल्यांचा असावा, असा हट्ट मी धरला होता.

ही माणसे वक्ते नाहीत. माईकसमोर उभे राहिल्यावर आधी गावाचे नाव, मग वडिलांचे नाव आणि मग स्वतःचे नाव ती सांगतात. काहींच्या भाषणात त्यापुढे दोनच वाक्ये असतात. संच कुठे ठेवायचा यावरून आपल्या गावात सहा दिवस वाद चालला होता, कारण एका जागी ठेवला तर वासातल्या, म्हणजे दलित वस्तीतल्या, लोकांना तिथे बसू देणार नाहीत आणि दुसऱ्या जागी ठेवला तर मोठ्या घरच्या बायका येणार नाहीत, हे एका वृद्ध शिक्षकांनी एका वर्षी इतक्या शांतपणे सांगितले की सभागृहातले पंखे तेवढे ऐकू येत होते. अखेर संच शाळेच्या ओसरीवर आला, आणि पहिल्या आठवड्यात ज्या मुली अंगणाच्या कडेला उभ्या राहत होत्या त्या महिन्याभराने ओसरीच्या पायरीवर बसू लागल्या, एवढे सांगून ते खाली उतरले. मी त्या गावाला अँटेना सरळ करायला अनेकदा गेलो होतो, पण त्या पायरीकडे माझे लक्ष कधी गेले नव्हते.

मला सर्वांत जास्त हलवून गेलेले मनोगत काही वर्षांपूर्वीचे आहे. पन्नाशीच्या एक बाई उभ्या राहिल्या. त्यांचे वडील दूध मंडळीत कारकून होते आणि ते जाऊन बरीच वर्षे झाली होती. बाईंनी पदराच्या गाठीतून एक लहान पितळी किल्ली काढली. तिला लाल लोकरीचा धागा बांधलेला होता आणि धागा अनेकदा बदलला गेला असावा, कारण किल्लीच्या भोकाची एक कड घासून पातळ झाली होती. पेटी केव्हाच मोडीत गेली, कुलूप हरवले, पण बापूंनी किल्ली देवघरात ठेवली होती, असे त्यांनी सांगितले. बापू संध्याकाळचे दूध मोजून झाले की हात धुवायचे, धोतराच्या सोग्याने काच पुसायचे आणि मग पेटीपाशी नुसते उभे राहायचे. लोक ओरडायचे, कार्यक्रम सुरू होईल, कळ दाबा. बापू म्हणायचे, "बैरां बेसे पछी." बायका बसल्यावर. त्या मागून, चूल आवरून, घाईघाईने येत आणि तोवर पुढची जागा पुरुषांनी अडवलेली असे, म्हणून डावीकडचा अर्धा ओटा रिकामा ठेवून ते उभे राहत. आठ वर्षांत त्यांनी हा नियम मोडला नाही, एकदाही नाही, असे म्हणताना बाईंचा आवाज फुटला आणि त्यांनी किल्ली परत गाठीत बांधली. मी समोरच्या रांगेत होतो. मला उठून काही बोलायचे होते, पण माझ्याच्याने बोलवले नाही.

1985 साली पीजचा प्रक्षेपक हलवण्याचा निर्णय झाला तेव्हा ज्यांनी विरोध केला त्यांत ही किल्लीवाली माणसे होती. आपल्या बोलीतला, आपल्या प्रश्नांचा कार्यक्रम जाणार, हे त्यांना आमच्याआधी कळले होते. केंद्र बंद झाले. इथे घडलेली रीत मात्र वाया गेली नाही; लोकांत जाऊन, त्यांच्याकडून विचारून कार्यक्रम करण्याचा हाच धडा पुढे 1990 च्या दशकात मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या प्रकल्पात इस्रोच्या माणसांनी गिरवला, आणि तिथे तर गावकऱ्यांना उलट स्टुडिओतल्या माणसांशी बोलण्याचीही सोय होती.

उपस्थितीविषयी लिहिल्यावाचून मला राहवत नाही. पाऊस वेळेवर पडला तर ऑगस्टात तंबाखूची लावणी सुरू होते आणि शेतकरी कुटुंबांतली माणसे येऊ शकत नाहीत. त्यांच्याविषयी माझी काही तक्रार नाही, उलट उशिरा, चिखलाच्या पायांनी, जेवणापुरते का होईना येऊन जाणाऱ्यांचे मला फार अप्रूप आहे. परंतु ज्यांनी या केंद्रावर नाव कमावले, ज्यांची पुढची वाटचाल इथल्या अनुभवावर झाली, त्यांतले कित्येक जण अहमदाबादहून तासाभराच्या अंतरावर असून आठ आठ वर्षे फिरकले नाहीत, हे मला लागते. मेळावा अहमदाबादला, वातानुकूलित सभागृहात घ्यावा म्हणजे संख्या वाढेल, अशी सूचना दोनदा आली. दोन्ही वेळा मी विरोध केला आणि पुढेही करीन. ज्यांच्यासाठी मेळावा आहे त्यांनी प्रवास करावा आणि ज्यांनी केवळ पाहुणे म्हणून यायचे त्यांच्या सोयीने सभागृह ठरावे, हे मला मान्य नाही.

ज्यांच्यामुळे हा दिवस पार पडतो त्यांतले कोणी सुटू नये, अशी मला काळजी असते. शाळेचे मुख्याध्यापक भाडे घेत नाहीत आणि रविवारी स्वतः येऊन फाटक उघडतात. त्यांचे शिपाई आदल्या रात्री बाके पुसतात. उत्तरसंड्याचे मंडपवाले काका सतरंज्या आणि माईक देतात आणि त्यांचा मुलगा दिवसभर माईकपाशी बसून राहतो. वसोच्या बहिणी मेथीच्या गोट्यांचे, म्हणजे भज्यांचे, पीठ घरून भिजवून आणतात आणि जेवणात कढी-खिचडी कमी पडू देत नाहीत. नडियादचा हिरवा चिवडा दर वर्षी एक दुकानदार पाठवतात व आपले नाव सांगू नये असे बजावतात, म्हणून सांगत नाही. वडोदऱ्याच्या वहिनी, माझ्या दिवंगत सहकाऱ्याच्या पत्नी, गुडघे दुखत असूनही नारळाच्या वड्या करून एसटीने घेऊन येतात. जुन्या जीपचे चालक, ज्यांना आम्ही सारे मामा म्हणतो, यांना आता दिसत नाही, पण नातवाचा हात धरून ते येतात आणि कोणत्या गावाला कुठल्या वळणावर चिखल असे ते अजून सांगतात. छायाचित्रे काढणारा मुलगा, निमंत्रणे लिहिणाऱ्या दोघी शिक्षिका, पाण्याचे जार आणणारा टेम्पोवाला, आणि मागच्या वर्षी दिवे गेले असता आपला जनित्र संच आणून देणारे शेजारचे डेअरीचे सचिव, यांचेही उपकार आहेत.

जेवणाच्या आधी शेवटचा कार्यक्रम हजेरीचा असतो. देखभालीच्या माझ्या जुन्या वहीत प्रत्येक संचापुढे गाव आणि किल्लीवाल्याचे नाव लिहिलेले आहे. वही आता सुटी झाली आहे, तिला मी कापडात बांधून आणतो आणि उभा राहून एकेक गाव वाचतो. जे हयात आहेत ते हात वर करतात, जे नाहीत त्यांच्या घरचे कोणी आले असल्यास ते उभे राहतात, आणि कोणीच नसेल तेव्हा मी क्षणभर थांबून पुढचे गाव घेतो. गेल्या वर्षी पितळी किल्लीच्या त्या बाई येऊ शकल्या नाहीत, त्यांच्या सुनेचे बाळंतपण होते. त्यांचे गाव आले तेव्हा मी सवयीने थांबलो, आणि मागच्या रांगेतून दहाबारा वर्षांचा एक मुलगा लाल धाग्याची किल्ली मुठीत धरून उभा राहिला आणि त्याने आपल्या पणजोबांचे पूर्ण नाव सांगितले.